आधी प्लगची टोपी काढा

महूच्या माझ्या घरापुढे हिरवळ आहे. पावसाळ्यात ती दर आठवड्याला कापावी लागते. यंत्र पेट्रोलचं, मागून ढकलत चालवायचं. हँडलवर एक दांडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद. हात अवघडतो म्हणून आमच्या माळीदादांनी ती सुतळीने बांधून टाकली होती. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.

एक दिवस ओल्या गवतात पातं अडकलं, इंजिन बंद पडलं. दादांनी खाली हात घालून गवत ओढलं. पातं जरा फिरलं आणि इंजिनाने झटका दिला. बोटाचं टोक गेलं.

पातं थेट इंजिनाच्या शाफ्टवर बसलेलं असतं. ते फिरलं की इंजिन फिरतं. ठिणगीला बॅटरी लागत नाही, ती फ्लायव्हीलच्या चुंबकातून मिळते. दांडी बांधलेली, म्हणजे ठिणगी चालूच. दोरी ओढून जे करतो, तेच इथे हाताने झालं.

म्हणून खाली हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला करा. रायफल साफ करण्याआधी चेंबर बघतो, तसंच. यंत्र कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर त्यात तेल उतरतं. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली जाईल, ती अजून घासा. पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरा. आणि दिवाळीनंतर यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करा, जुन्या पेट्रोलने कार्बोरेटर तुंबतो.

सुतळी त्याच संध्याकाळी मी कापली.