व्याख्या एक, रीजन अनेक
आयबीएमच्या सीआयसीएस या व्यवहार-प्रणालीत फाइलची व्याख्या साधारणपणे सीएसडी या व्हीसॅम फाइलमध्ये असते आणि एकच सीएसडी अनेक रीजन, म्हणजे सीआयसीएसच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रती, वापरू शकतात. प्रोग्रामला ठाऊक असते ते फक्त फाइलचे आठ अक्षरांपर्यंतचे नाव. तरीही चाचणीसाठी एक, प्रत्यक्ष कामकाजासाठी दुसरी अशा व्याख्येच्या नकला काढल्या जातात. या नकला हळूहळू एकमेकींपासून दुरावतात आणि चाचणीत चाललेले काम खऱ्या व्यवहारात अडते. त्यापेक्षा व्याख्या एकच ठेवून डेटासेटचे नाव तेवढे प्रत्येक रीजनच्या जेसीएलमधल्या डीडी ओळीत द्यावे. नाव व्याख्येत आणि डीडीत दोन्हीकडे असले तर डीडीच वरचढ ठरते.

याची किंमतही आहे. डीडीने जोडलेला डेटासेट रीजन बंद होईपर्यंत सुटत नाही, त्यामुळे एकट्याचा ताबा हवा असलेल्या रात्रीच्या बॅचची अडचण होते. अशा मोजक्या फाइलींच्या डेटासेटचे नाव व्याख्येतच द्यावे. मग फाइल बंद होताच डेटासेट मोकळा होतो. सामायिक सीएसडीतली एक चूक सगळीकडे पसरेल, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा. सीएसडीतला बदल चालू रीजनला आपोआप लागू होत नाही. तो इन्स्टॉल करावा लागतो, नाहीतर कोल्ड स्टार्ट हवा. वॉर्म स्टार्टमध्ये रीजनच्या कॅटलॉगमधली जुनीच व्याख्या परत येते.