‘ढ’ म्हणण्यापूर्वी

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे ‘ढ’ हे विशेषण फार लवकर चिकटते. एकदा ते चिकटले की मूलही त्यावर विश्वास ठेवू लागते आणि दप्तर कायमचे खुंटीला लागते. महोत्सवी वर्षात संस्थेच्या कार्याचा आढावा घेताना या लेकरांचाही विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या तालुक्यांत घरी मराठी, बाजारात कन्नड व दखनी आणि शाळेत इंग्रजीची भर, असा नित्यक्रम आहे. इतक्या भाषांतून वाट काढणारे मूल अडखळले, तर दोष बुद्धीचाच असेल असे नाही. तीन गोष्टी आधी तपासल्या पाहिजेत : त्याला नीट ऐकू येते का, वाचता येते का आणि मनातले सांगता येते का.

प्रथम ऐकण्याचे पाहू. साचलेला मळ किंवा वाहणारा कान एवढ्यानेही धडा अर्धा निसटतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांच्या वार्षिक तपासणीची तरतूद आहे. त्या दिवशी आपले मूल हजर असावे. पण कान निर्दोष असूनही काही मुलांना गलबल्यातून नेमका शब्द वेगळा काढणे जड जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १ मीटरवरच्या मुलापेक्षा ४ मीटरवरच्या मुलाला तो १२ डेसिबलने कमी मिळतो. वर्गात भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो खरा, परंतु तो शब्द पुसट करतो. शहाबादी फरशी ही कलबुर्गी जिल्ह्याची देणगी. थंड आणि टिकाऊ, पण आवाज शोषून घेण्याचा गुण तिच्यात नाही. वर पत्रे असले, तर पावसाळ्यात विचारायलाच नको.

यावर एक साधन आहे. गुरुजींच्या गळ्यात लहानसा मायक्रोफोन आणि मुलाच्या कानाशी लहानसा ग्राहक, मध्ये बिनतारी लहरी. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले तरी शब्द जवळून बोलल्यासारखा पोचतो. हे यंत्र वाचायला शिकवीत नाही. शिकवलेले मुलापर्यंत नेते, इतकेच. ते कोणाला द्यावे हे श्रवणतज्ज्ञानेच ठरवावे. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, फरशीवर जाड सतरंजी अंथरणे, बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवणे, हे तर कोणत्याही शाळेला जमेल.

दुसरा प्रश्न वाचनाचा. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने आवश्यक झाले. ही राज्यभाषा मुलांना आलीच पाहिजे; पण मुलाची पारख केवळ नव्या भाषेत करू नये. मराठी सफाईने वाचणारे मूल कन्नडात अडखळत असेल, तर तो बहुधा सरावाचा प्रश्न होय. दोन्ही लिप्यांत अक्षर व ध्वनी यांची सांगड बसत नसेल, तर मात्र वाचन-अक्षमतेची तपासणी हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी अशा चार भाषांत आहे. आपल्या सीमाभागाला याहून उपयुक्त काय असणार! अशा मुलाला साधा मोबाईलही मराठी किंवा कन्नड मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. डोळ्यांनी जे उलगडत नाही ते कानांनी कळते, आणि इतिहास-विज्ञान मागे राहत नाही.

तिसरे बोलणे. काही मुलांना सारे समजते, पण शब्द फुटत नाहीत. मुंबईच्या आय. आय. टी.ने ‘जेलो’ नावाचे विनामूल्य साधन तयार केले आहे. त्यात पाणी, भूक, आई, दुखते आहे अशी चित्रे असतात. चित्रावर बोट ठेवले की मराठीतून आवाज निघतो. मोबाईल नसेल, तर पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून तेच काम भागते. यंत्र बोलू लागले की मूल बोलण्याचा आळस करील, ही भीती अनाठायी आहे. संशोधनात तसे आढळलेले नाही.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यांसाठी तपासणी व प्रमाणपत्र लागते. त्यात लाज कसली? चष्मा लावताना आपण लाजतो का?

मार्गदर्शनासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आहे. मुंबईला वांद्र्यास १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेचे केंद्र सिकंदराबादला मनोविकासनगरात आहे. बिदरकरांना ते म्हैसूरपेक्षा कितीतरी जवळ.

आपल्या संस्थेने मोठी इमारत बांधण्यापूर्वी एवढे जरी केले, एका शाळेत कानांची तपासणी, एका वर्गात सतरंजी, गरजू मुलांना तिकिटाचा खर्च, तरी पुष्कळ झाले. आणि आपण पालकांनी? आज रात्री मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात त्याला हाक मारून पाहावी. त्याने वळून पाहिले नाही, तर रागावू नये, दवाखान्यात न्यावे. ‘ढ’ म्हणण्यापूर्वी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.