आधी काम विचारा

सकाळी ६.३०. पोलादपूरच्या संकलन केंद्राचं शटर वर केलं की उमरठ-कुडपणकडची माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला उभीच असतात.

७.१५. सत्तरीचे एक काका. चिठ्ठीवर लिहिलंय: उजव्या छातीत पाणी, टीबीच्या गोळ्या चालू, उतार नाही. शीर सापडेना. पट्टा आवळून बोटाने चाचपत विचारलं, "काका, मुंबईला काय करायचात?"

"ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होतो, ताई. वीस वर्षं. घरी जायचो तेव्हा अंगभर पांढरी भुकटी. ही कपडे आधी झटकायची, मग धुवायची."

चिठ्ठीच्या मागे सगळं लिहून घेतलं, काकूंबद्दलचंही. ती भुकटी ॲस्बेस्टॉसची असणार, आणि कपड्यांवरून घरात आलेली ॲस्बेस्टॉसची धूळ घरच्या माणसांनाही आजारी पाडू शकते.

१०.००. महाडची प्रयोगशाळा. अर्ध्या तासात रक्त गोठलं, नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या, वर पिवळसर सीरम आलं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, असेल तर याच सीरममध्ये मेसोथेलिन हे प्रथिन वाढलेलं सापडू शकतं. धूळ श्वासात गेल्यावर हा आजार वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षांनी उमटतो. म्हणून तो नुसत्या रक्तावर लवकर ओळखता यावा, ही धडपड जगभर चालू आहे. अमेरिकेने २००७ मध्ये मेसोथेलिनच्या चाचणीला परवानगी दिली, तीही रुग्णावर लक्ष ठेवण्यापुरती. मूत्रपिंड अधू असलं तरी हा आकडा चढतो, आणि या कर्करोगाच्या एका प्रकारात सहसा चढतच नाही. २०१२ मध्ये फायब्युलिन-३ या प्रथिनाने मोठी आशा दाखवली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. जर्मनीत जुन्या कामगारांच्या रक्तात मेसोथेलिन आणि कॅलरेटिनिन ही प्रथिनं एकत्र मोजली, तरी निदानाआधीच्या वर्षभरात निम्म्याहून कमी रुग्ण सापडले. आमच्या दरपत्रकात यातली एकही चाचणी नाही. उद्या आली तरी काकांचं काम कोणी विचारलं नसेल, तर ती लिहून कोण देणार?

१.००. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन. छातीतल्या पाण्याची एडीए चाचणी कमी आलेली. टीबीत ती बहुधा वाढते. कारखान्याचं ऐकून ते क्षणभर थांबले. "फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासायला हवा. परळला टाटा हॉस्पिटलला पाठवतो."

३.३०. काकांच्या मुलाला भरपाईसाठी ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगाराची चिठ्ठी शोधायला सांगितलं. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कायद्याने व्यावसायिक आजार आहे. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावलंय. "कागद महाडच्या घरात होते," मुलगा म्हणाला. "२०२१ च्या पुरात गेले." मग सोबत काम केलेल्यांची नावं आठवून लिहा म्हटलं.

५.३०. बाहेर गवंडी ॲस्बेस्टॉस सिमेंटचा जुना पत्रा कोरडाच कापत होता. निसर्ग चक्रीवादळानंतर असे पत्रे किती फुटले, किती हातांनी उचलले! थांबवलं त्याला. अखंड निघत असेल तर कापू नको, आणि आधी पाणी मार.

६.४५. मुंबईला पाठवायचे नमुने बर्फाच्या डब्यात गेले. नोंदणीच्या फॉर्मवर 'पूर्वीचं काम' असा रकाना पेनाने आखला आणि काकूंनाही एक्स-रेला आणा, असा निरोप दिला.