वेळेत म्हणजे वेळेत

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाला लिनक्सवाल्यांची परिषद भरली होती. तिथे टोमास ग्लाइक्सनरने लिनस टोरवाल्ड्सच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला एक छापील अर्ज ठेवला. वीस वर्षं दाराबाहेर तिष्ठत असलेले रिअल-टाइमचे, म्हणजे कामं ठरल्या मुदतीत उरकण्यासाठीचे, बदल आता मुख्य लिनक्समध्ये घ्या, एवढाच तो अर्ज. टोरवाल्ड्सने ते घेतले आणि नोव्हेंबरच्या ६.१२ आवृत्तीत ते सगळ्यांच्या पदरात पडले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लगेच आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एका उत्साही गृहस्थाने लिहिलं, 'चला, आता आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) वगैरे शिकायची कटकट मिटली.' त्याला भरपूर अंगठे मिळाले. पुढे मी अधूनमधून शिकवायला जायचो त्या कॉलेजनेही रिअल-टाइम सिस्टिम्सचा ऐच्छिक विषय गुंडाळला. मुलं येत नाहीत म्हणे. त्या जागी कोणता विषय आला, ते सांगायला नको.

तेव्हा हे सगळं थोडं रागातच लिहितो आहे, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

लिनक्सचं घोडं इतकी वर्षं कुठे अडलं होतं, हेही ऐकण्यासारखं आहे. शेवटचा मोठा अडसर होता 'प्रिंटके', म्हणजे कन्सोलवर मजकूर छापणारं फंक्शन. छापायला लागलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नको तितका वेळ त्यातच अडकायचा, आणि तेवढ्यात कुणाची मुदत उलटून गेली तर बोंबलत बसा. भोसरीच्या ज्या शेडमध्ये मी या धंद्यात आलो, तिथे इंटरप्टच्या, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच घुसणाऱ्या कामाच्या, आत काहीही छापायचं नाही हा नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. जगातल्या हुशार लोकांना त्यावर इतकी वर्षं घालवावी लागली, कारण मुळात मुदतीचा विचार न करता बांधलेल्या घराला तो विचार मागाहून चिकटवायचा होता.

मुदत पाळण्याचा हिशेब मात्र फार जुना आहे. १९७३ साली लिऊ आणि लेलँड यांनी तो मांडून ठेवला. ठरावीक अंतराने येणारी, एकमेकांवर न अवलंबणारी कामं घ्या, ज्याची पाळी लवकर येते त्याला वरची प्रायॉरिटी द्या, आणि प्रोसेसरचा एकूण भार साधारण ६९ टक्क्यांच्या आत ठेवा. मग कामं कितीही असोत, एकाचीही मुदत चुकत नाही. चुकणार नाही याची ही सिद्धता आहे, अंदाज नव्हे. हा हिशेब मी एका साहेबांना मांडून दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न, 'म्हणजे एकतीस टक्के प्रोसेसर आपण फुकट घालवायचा?' ऐंशीच्या दशकाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. ते मी पुस्तकातूनच ओळखतो, आणि पुस्तकं महाग होती.

माझं दशक १९९१ पासूनचं. पुण्यात त्या वर्षी एकच विषय होता, सी-डॅकचा 'परम ८०००'. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून इथेच बांधला, विजय भटकरांचं नाव घराघरांत गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आत काय होतं ते मात्र फार कुणी विचारत नाही. आत होते ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. शेजाऱ्यांशी बोलायला प्रत्येक चिपला चार लिंक, आणि एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारायचा शेड्युलर थेट सिलिकॉनमध्येच कोरलेला. ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा दलाल मध्ये नाहीच.

या चिपसाठी डेव्हिड मे यांनी घडवलेली भाषा म्हणजे ऑकम. सी-डॅकमधल्या एका मित्राने तिची पुस्तिका चाळायला दिली, आणि मी अक्षरशः वेडा झालो. 'पार' असं लिहून खाली चार ओळी लिहिल्या की ती चारही कामं एकाच वेळी सुरू. एका कामाने लिहिलेल्या व्हेरिएबलला दुसऱ्याने हात लावायचा नाही. काही द्यायचं असेल तर चॅनेलवरून द्यायचं, आणि घेणारा हजर होईपर्यंत देणाऱ्याने थांबून राहायचं. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये जे मांडलं होतं, ते इथे प्रत्यक्ष चालत होतं. मी दिवसा ८०५१ वर काम करणारा माणूस. १२८ बाइट रॅम, चार केबी रॉम, चिपच्या काचेच्या खिडकीवर ऊन पडू नये म्हणून चिकटवलेला स्टिकर, आणि बदल करायचा तर ईप्रॉम इरेजरखाली ठेवून चहा पिऊन यायचं. हे पाहिल्यावर संध्याकाळी ऑकम वाचणं ही चैन होती.

या चैनीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी पुड्यांच्या मशीनची गोष्ट सांगतो. मालाच्या पुड्या भरून कापणारं मशीन होतं, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका पार्टीकडून घेतलेलं. रोलरवरच्या एन्कोडरचे चारशे पल्स मोजायचे आणि सुरी मारायची, म्हणजे वीस सेंटिमीटरची पुडी. दिवसभर सुरळीत चालायचं आणि मध्येच एखादी पुडी तोकडी निघायची. पार्टीचं म्हणणं, तुमच्या शेडमधली लाइट खराब. म्हणून फिल्टर बसवले, अर्थिंग नव्याने केलं, केबल बदलल्या. तोकडी पुडी येतच राहिली.

आमच्या फोरमनने त्या तोकड्या पुड्या फेकून न देता एका खोक्यात साठवल्या होत्या. एके दिवशी त्याने स्टीलची पट्टी लावून त्या मोजल्या आणि म्हणाला, 'साहेब, सगळ्या सारख्याच आहेत हो.' सगळ्या पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. खराब लाइट इतकी शिस्तीत वागत नाही. पावणेतेरा सेंटिमीटर म्हणजे २५६ पल्स, आणि आठ बिटांवर जगणाऱ्या माणसाला २५६ दिसला की त्याचे कान टवकारतात.

मोजणी सोळा बिटांची होती, प्रोसेसर आठ बिटांचा. मुख्य प्रोग्रॅम मोजणी दोन घासांत वाचायचा, आधी खालचा बाइट, मग वरचा. मोजणी २५५ वर असताना त्याने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात पल्स आला, इंटरप्ट घुसला, त्याने मोजणी २५६ केली, म्हणजे खालचा बाइट शून्य आणि वरचा एक. परत आल्यावर मुख्य प्रोग्रॅमने वरचा बाइट वाचला, एक. दोन्ही जोडून झाले ५११. चारशे उलटले म्हणून सुरी खाली. ही फट एक-दोन मायक्रोसेकंदांची. नेमक्या त्याच फटीत पल्स पडला तरच पुडी तोकडी. वाचताना तेवढ्यापुरता इंटरप्ट बंद ठेवायच्या दोन सूचना घातल्या आणि खोकं रिकामं राहू लागलं. फिल्टरचं बिल कुणी भरायचं यावर मात्र पुढे वर्षभर पत्रव्यवहार चालला.

आता ऑकममध्ये ही चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. मोजणारा एक प्रोसेस, कापणारा दुसरा, मध्ये चॅनेल. सामायिक मोजणीच नाही तर ती अर्धी वाचणार कोण? एडा या भाषेमध्येही १९९५ च्या आवृत्तीपासून 'प्रोटेक्टेड ऑब्जेक्ट' होता, सामायिक डेटाला कुलूप लावायचं काम भाषाच करायची. तरी आम्ही सगळे सी लिहीत राहिलो. का, तर कंपायलर स्वस्त, माणसं मिळतात, गिऱ्हाईक तेच मागतं. ही कारणं खोटी नव्हती. मला राग आहे तो त्यावर चढवलेल्या तुच्छतेचा. एडाला आमच्याकडे मुद्दाम 'येडा' म्हणत. जून १९९६ मध्ये एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं, तेव्हा एका सेमिनारमध्ये एका नामवंत सल्लागाराने हात झटकून सांगितलं, 'बघा तुमच्या सुरक्षित भाषेचं.' चौकशी अहवालात काय होतं? चौसष्ट बिटांचा आकडा सोळा बिटांत कोंबला गेला, आणि तिथली तपासणी विचारपूर्वक वगळलेली होती, कारण तो कोड एरियान-४ चा होता आणि त्या रॉकेटवर तो आकडा तेवढा मोठा व्हायचाच नाही. भाषेने हाक मारली होती, ऐकायला कुणी ठेवलं नव्हतं. अहवाल वाचलेले सेमिनारमध्ये मोजकेच होते, सल्लागार त्यांत नव्हते.

मग आलं १९९७. त्या वर्षी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एडाची सक्ती उठवली. त्याच वर्षी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर रेव्हन्सकार नावाच्या खेड्यात एडाची काही मंडळी जमली आणि त्यांनी भाषेतला टास्किंगचा पसारा छाटून इतका आटोपशीर केला की प्रत्येक मुदतीचा हिशेब आधी मांडता यावा. ते रेव्हन्सकार प्रोफाइल आजही विमानांत आणि उपग्रहांत चालतं. आणि ४ जुलैला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं.

त्याची हकिगत आमच्यापर्यंत ई-मेलच्या प्रिंटआउटवरून पोचली, झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालेल्या. यानाचा संगणक मध्येच आपोआप रिसेट होत होता. हवामानाची नोंद घेणारं खालच्या प्रायॉरिटीचं काम एक कुलूप धरून बसे. यानाच्या डेटा-बसवरची माहिती हलवणाऱ्या वरच्या कामाला तेच कुलूप हवं असे, म्हणून ते थांबे. एवढ्यात मधल्या प्रायॉरिटीची लांबलचक कामं येत. त्यांना कुलपाशी देणंघेणं नसे, पण ती हवामानवाल्याला बाजूला सारत, तो कुलूप सोडू शकत नसे, आणि जास्त महत्त्वाचं काम मागे पडे. मुदत चुकली की यंत्रणा स्वतःलाच रिसेट करी. उपाय होता कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरती थांबलेल्याची प्रायॉरिटी देण्याचा. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती सोय तयार होती, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रिसेट थांबले.

लोक ही गोष्ट 'एक फ्लॅग बदलला आणि मंगळ वाचला' अशी रंगवून सांगतात. मला तिच्यातलं दुसरंच टोचतं. हा उपाय शा, राजकुमार आणि लेहॉत्स्की यांनी १९९० मध्ये शोधनिबंधात लिहून ठेवला होता. प्रक्षेपणाआधीच्या चाचण्यांतही असे रिसेट मोजक्या वेळा दिसले होते, पण हुकमी पुन्हा दाखवता आले नाहीत म्हणून मागे पडले. हातात असलेलं ज्ञान वापरायचं नाही आणि पुन्हा दिसत नाही ते घडलंच नाही असं धरायचं, या दोन्ही सवयी अजून शाबूत आहेत.

२००० नंतरची वर्षं मी भराभर उलटतो. २००३ मध्ये फ्रीआरटीओएस फुकट मिळू लागलं, ते चांगलं झालं. डॉलरमध्ये रॉयल्टी मागणारे विक्रेते नरमले. त्याच वर्षी मोटारींच्या दुनियेत ऑटोसार हा सॉफ्टवेअरचा सामायिक आराखडा आला, आणि पुण्यातली बुद्धिमान मुलं चौकटी भरण्याच्या कामाला लागली. टूलमध्ये खुणा करायच्या, कोड आपोआप तयार. पगार चांगले मिळत, त्यामुळे तक्रार करायचं तोंड कुणाला नव्हतं. मग आर्डुइनो आलं, आणि 'डिले' लिहून प्रोसेसरला हजार मिलिसेकंद नुसतं उभं करण्याला प्रोग्रॅमिंग म्हणू लागले. पोरांनी त्यातून दिवे लावले, रोबो पळवले, त्याचं कौतुकच आहे. पण तीच मुलं नोकरीला लागली आणि 'डिले' सोबत घेऊन आली.

आज मुदत चुकली की उत्तर ठरलेलं: जास्त वेगाचा प्रोसेसर घ्या. वेग वाढला की सरासरी सुधारते. पण कॅश आणि पाइपलाइन असलेल्या या चिपांवर सर्वांत वाईट वेळ किती, हे काढणं ८०५१ पेक्षा कितीतरी अवघड झालं आहे. तिथे डेटाशीट उघडून सूचना मोजता येत होत्या. इंटरप्टमध्ये शिरताना एक पिन वर करायची, निघताना खाली, आणि स्कोपवर तो पट्टा किती रुंद होतो ते भरल्या लोडवर बघत बसायचं. हल्ली मी कुणाला विचारतो, 'तुझ्या टास्कला जास्तीत जास्त किती वेळ लागतो?' उत्तर येतं, 'काका, साधारण दोन मिलिसेकंद.' 'साधारण' ऐकलं की माझं डोकं फिरतं. रिअल-टाइम लिनक्सही हा आकडा काढून देणार नाही. ते वाट मोकळी करतं, तुमचं काम किती लांब आहे हे तुम्हीच मोजायचं असतं.

मध्यंतरी एक पोरगा मोठ्या उत्साहाने रस्ट भाषेतली आरटिक ही चौकट दाखवायला आला. 'काका, यात दोन टास्कनी एकच डेटा बेसावधपणे वापरला तर कंपायलरच अडवतो!' चौकट खरंच सुरेख आहे. स्वीडनमधल्या लुलेओ विद्यापीठातून निघालेली, आणि कुलुपांसाठी तिने आधार घेतला आहे बेकर यांच्या १९९१ च्या कामाचा. हे साल सांगितल्यावर तो म्हणाला, 'तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.' मी त्याला पुड्यांच्या मशीनची गोष्ट ऐकवली, ती त्याने मुकाट्याने ऐकून घेतली. मग कपाटातून यॉर्कच्या बर्न्स आणि वेलिंग्जचं जाडजूड पुस्तक काढून दिलं, प्रायॉरिटीच्या प्रकरणात खूण घालून. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. वाचत असेल तर राहू दे. नुसतं पडलं असेल तर त्याने ते परत करावं, मागणारा दुसरा एक जण आहे.