गाडीतला मुक्काम : काय नडतं, काय हवं

हातकणंगल्याच्या शिवारात डांबरी सोडून पाणंदीला गाडी घातली की पहिली गाठ काळ्या मातीशी. पाणी पिऊन ही माती फुगते, टायरच्या खाचा बुजवते. मग ॲक्सिलरेटर दाबाल तेवढं चाक खाली. अशा वेळी टायरची हवा ३२-३३ पीएसआयवरून २० च्या आसपास उतरवली की टायर पसरतो, पकड मिळते. पण डांबरीवर येताना ती परत भरायला १२ व्होल्टचा पंप जवळ हवा. रात्री अकराला पंक्चरवाला कुठला?

जॅकचा वैताग वेगळाच. मऊ रानात गाडी वर जाण्याऐवजी जॅकच रुततो. उपाय फुकटातला : खाली हातभर लांब, जाड फळी. महागड्या दुकानांत शोधत बसू नका, वखारीत मिळते.

काचा बंद करून झोपलं तर श्वासाची वाफ सकाळी छतावरून टपकते, उघड्या ठेवल्या तर डास. खिडकीला चढवायची जाळी ही आमच्या यादीतली पहिली वस्तू. दुसरी, दिवा-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. नाहीतर सकाळी स्टार्टर नुसताच कुरकुरतो. थंडी कितीही असो, पेटती शेगडी गाडीत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि उसाच्या कडेला गाडी लावण्याआधी मालकाला एक विचारा : ‘रात्री पाण्याची पाळी हाय का?’ शेतीची वीज रात्री आली, मोटर सुरू झाली, की पहाटे गाडी चिखलात.