रक्तातल्या लोखंडाची सुटका

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांतून एक बातमी हमखास वाचायला मिळते. दारे-खिडक्या बंद करून, उशाशी पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत. किंवा गॅस गिझर बसवलेल्या न्हाणीघरात कोणी बेशुद्ध सापडले. आपण म्हणतो, 'गुदमरून गेला.' खरे कारण बहुधा कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो रक्तात शिरून काय करतो आणि त्याची पकड सुटते कशी, हे शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या साह्याने शोधून काढले आहे. विषय थोडा जड वाटेल, पण त्याचा संबंध थेट आपल्या घराशी आहे.

लोहाचा अणू आणि आगंतुक पाहुणा

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत 'हीम' नावाच्या चार चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध लोहाचा एक अणू बसलेला असतो. फुप्फुसात ऑक्सिजन या लोहाला चिकटतो, शरीरभर फिरतो आणि गरज असेल तिथे सुटतो. धरणे आणि सोडणे, या दोन्ही गोष्टी व्हाव्या लागतात.

लाकूड, कोळसा, गॅस किंवा पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतो आणि त्याची लोहावरची पकड ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट घट्ट असते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साठत जातो. शिवाय त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. इथे नाक काहीच सांगत नाही.

प्रकाशाने बंध तुटतो

जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींतील स्फोटांचा अभ्यास केला. बरेचसे मजूर भाजून नव्हे, तर या वायूने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. याच सुमारास त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या रक्तावर प्रखर प्रकाश पाडला की वायू लोहापासून सुटू लागतो. पुढे जर्मनीचे ओटो वॉरबर्ग यांनी हीच युक्ती वापरून पेशींच्या श्वसनातही लोहयुक्त हीम काम करते, हे सिद्ध केले. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण प्रकाश पडल्यावर नेमके काय घडते, हे कळायला फार वर्षे जावी लागली. कारण ती घटना डोळ्याचे पाते लवण्याच्या कित्येक अब्ज पट कमी वेळात आटोपते. ती पाहायला तितकीच क्षणिक चमक हवी. अशी चमक देणारा लेसर 'फेम्टोसेकंद' या मापाने मोजतात. एका सेकंदात प्रकाश तीन लाख किलोमीटर धावतो. एका फेम्टोसेकंदात तो केसाच्या जाडीचा शंभरावा भागही ओलांडत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, एका सेकंदापुढे फेम्टोसेकंद म्हणजे तीन कोटी वर्षांपुढे एक सेकंद!

प्रयोगाची रीत मात्र सोपी आहे. लेसरची पहिली चमक लोह आणि वायू यांचा बंध तोडते. दुसरी चमक किंचित उशिरा पाठवतात आणि तिच्यावरून रेणूचा रंग कसा बदलला ते पाहतात. उशीर करायचा तर दुसऱ्या चमकेला थोडा लांबचा रस्ता द्यायचा, इतकेच. पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत जाँ-लुई मार्तँ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा प्रयोग हिमोग्लोबिनवर केला. प्रकाश पडल्यापासून साडेतीनशे फेम्टोसेकंदांच्या आसपास मोकळ्या लोहाची खूण दिसू लागली. २०१५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्नायूंतल्या मायोग्लोबिनवर क्ष-किरणांच्या अशाच क्षणिक चमका टाकून अणूंची हालचालही टिपली गेली. वायू सुटताच लोहाचा अणू चकतीच्या सपाटीतून किंचित बाहेर सरकतो आणि त्या धक्क्याने सबंध प्रथिन हलते. आपण श्वास घेतो तेव्हा ऑक्सिजन धरताना-सोडताना हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, तो लोहाच्या याच सरकण्यामुळे.

मग रोग्यावर प्रकाश टाकावा का?

कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे अनेकांनी पाहिले असेल. मग इथेही तसे का करू नये? अडचण अशी की प्रकाश त्वचेतून फार खोल जात नाही आणि सुटलेला वायू फुप्फुसातून बाहेर गेला नाही तर पुन्हा लोहाला चिकटतो. बॉस्टनमधील संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसांवर थेट लाल प्रकाश टाकून पाहिला आणि वायू लवकर बाहेर पडला. हा प्रकाश साधा होता, फेम्टोसेकंद लेसर नव्हे. पण ही अजून माणसावरची रूढ उपचारपद्धती नाही. कोणी 'लेसरने रक्त शुद्ध करतो' म्हणाला, तर पैसे खर्च करू नका.

आज खात्रीचे औषध एकच, ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात ते काम होते.

एक धोक्याची सूचना

कोरोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. ते रक्ताच्या रंगावरूनच ऑक्सिजन मोजते. कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालेच वाटते. म्हणून रोगी अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही लक्षणे घरातल्या दोघा-तिघांना एकदमच झाली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका. अशा वेळी:

- दारे-खिडक्या उघडा, शेगडी वा गिझर बंद करा.
- रोग्याला मोकळ्या हवेत न्या. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.
- १०८ वर फोन करून ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि 'शेगडी होती', 'गिझर चालू होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- गरोदर स्त्रीला थोडाच त्रास वाटला तरी दाखवा. पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो.
- बरे वाटल्यानंतरही काही आठवड्यांनी विसराळूपणा किंवा चालण्यात अडखळणे दिसले, तर पुन्हा दाखवा.

गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. शेगडीवर हातपाय शेकून झाले की झोपण्यापूर्वी ती अंगणात ठेवा. राख धरलेला निखारा विझल्यासारखा दिसला तरी तो वायू सोडतच असतो. आणि कितीही थंडी असो, खिडकीची एक फट उघडी राहू द्या.