भंडारदऱ्यात पाणी किती? : एआय एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे: एआय एजंटच्या हाती आपण जी सॉफ्टवेअर टूल्स देतो, त्यांचं वर्णन कसं लिहायचं. पण आपण राजूरला बसलोय, त्यामुळे उदाहरणासाठी लांब जायला नको. वर भंडारदरा, खाली निळवंडे. पावसाळ्यात प्रवराकाठचा रोजचा प्रश्न एकच असतो: धरणात पाणी किती, आणि सोडलंय किती?

समजा, या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारा एजंट आपण बनवला. त्यातल्या भाषा मॉडेलला आजचा साठा पाठ नसतो, ते टूलला विचारतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आला आणि अशी टूल्स जोडायला एक सामाईक साचा मिळाला. त्या साच्यात मॉडेलसमोर येतं ते साधारण इतकंच: टूलचं नाव, त्याचं वर्णन, आणि टूलला काय काय पुरवायचं त्याची यादी. आतला कोड त्याला दिसत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच येतं.

आता प्रोग्रामर काय लिहितो? ‘धरण माहिती: धरणाची माहिती देते.’ त्याला ते पुरेसं वाटतं, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक असतं. मॉडेलने विचारलं, टूलने उत्तर दिलं: ८०००. आठ हजार काय? दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट धरले, तर ११,०३९ दलघफूच्या भंडारदऱ्यात बहात्तर टक्के साठा आहे, मंडळी निवांत. क्यूसेक धरले, तर सेकंदाला आठ हजार घनफूट पाणी नदीत उतरतंय, दिवसभरात सुमारे ६९१ दलघफू, आणि काठावरची मोटार आत्ताच वर काढायला हवी. आकडा तोच. मॉडेल यातला एक अर्थ निवडेल आणि छान, ठाम मराठीत सांगेल. ठामपणाचीच मला जास्त भीती वाटते.

मग वर्णन असं हवं: ‘दिलेल्या धरणातला एकूण पाणीसाठा दलघफूमध्ये देते. सोबत नोंदीची तारीख आणि वेळ देते. विसर्ग किंवा आवक यासाठी वापरू नये. विसर्गासाठी धरण विसर्ग हे टूल आहे. नोंद आली नसेल तर नोंद नाही असं उत्तर येतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे.’

शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, लाइट गेलेली, नोंद पोचलेली नाही, आणि टूल ‘०’ देतंय. एजंट सांगणार, पाऊस नाही. अर्थात नुसतं वर्णन लिहून भागत नाही. कोडनेही तिथे शून्य देता कामा नये.

नावांचा घोळ तर विचारूच नका. भंडारदऱ्याचं १९२६ साली पूर्ण झालेलं धरण कागदोपत्री विल्सन डॅम, जलाशय आर्थर लेक. ही नावं एकाच ठिकाणची आहेत हे वर्णनात लिहून टाका. आणि आपलं राजूर? जालना जिल्ह्यात गणपतीचं राजूर आहे, यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ कोळशाचं राजूर आहे. टूल फक्त ‘गावाचं नाव’ मागत असेल, तर अकोले तालुक्यातल्या माणसाला वणीचा पाऊस मिळू शकतो. जिल्हा आणि तालुका सक्तीचे करा, आणि लिहा: ‘माहीत नसेल तर वापरणाऱ्याला विचारावं, अंदाज करू नये.’ जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, जुन्या नोंदी अहमदनगरच्या नावाने आहेत. दोन्ही नावं चालतात का, हेही सांगा.

कोणी म्हणेल, मग पानभर लिहू की! नको. ही सगळी वर्णनं प्रत्येक प्रश्नाबरोबर मॉडेलपुढे जातात. चाळीस टूल्सची चाळीस पानं झाली तर कामाचं वाक्य त्यात बुडतं. ‘अत्याधुनिक’, ‘सर्वसमावेशक’ असले शब्द आधी काढा.

गावोगावी पूरसूचनेचा एसएमएस पाठवणारं टूल असेल, तर गोष्ट वेगळी. ‘अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वापरू नये’ हे वर्णनात जरूर लिहा, पण त्यावर विसंबू नका. वर्णन ही विनंती आहे, कुलूप नव्हे. परवानगीची अट कोडमध्येच हवी.

आणि तपासायचं कसं? लोक जसं विचारतात तसे वीस-पंचवीस प्रश्न लिहून काढा. ‘पाणी सोडलं का?’ ‘धरण किती भरलं?’ ‘निळवंड्यातून किती चाललंय?’ प्रत्येकाला मॉडेल कोणतं टूल उचलतं ते बघा. चुकीचं उचललं, तर आधी वर्णनातलं वाक्य बदला, मग पुन्हा सगळे प्रश्न घाला, कारण एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. त्यात ‘ओव्हरफ्लो झालं का?’ हा प्रश्न नक्की ठेवा. त्याला साठा आणि विसर्ग दोन्ही टूल्स लागतात, आणि एकाच टूलवर भागवलं तर वर्णनात अजून काहीतरी राहिलंय.